बाळाचे पाऊल आणि सांभाळणाऱ्यांची नजर

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर विद्वानांची आणि अधिकारी पुरुषांची भाषणे होतात, तेथे माझ्यासारख्या पाळणाघर चालविणाऱ्या बाईला आपण पाचारण केलेत, याबद्दल प्रथम चालकांचे आभार मानते. मी डॉक्टर नाही. माझ्या नावापुढे लावण्यासारखी पदवीही नाही. डोंबिवलीत दोन खोल्यांच्या जागेत १९८८ साली मी पाळणाघर सुरू केले आणि तीस वर्षे चालविले. त्या अवधीत जी मुले माझ्या सतरंजीवर पालथी पडली, रांगली, धरून उभी राहिली आणि शेवटी धावत शाळेत गेली, त्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही. परंतु मूल कसे हलते, कसे उठते, हात कसा पुढे करते, हे पाहण्याची सवय मात्र डोळ्यांस जडली. आज जे सांगावयाचे आहे ते या सवयीतूनच आलेले आहे, आणि त्यात माझी एक मोठी चूकही आहे. ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

आपल्या मागील पिढीत मूल वाढे ते भरल्या घरात. आजी, आत्या, काकू, शिवाय न्हाऊ घालणारी बाई, एवढ्या साऱ्यांच्या हातांखालून ते रोज जाई. बाळाने मान धरली की नाही, कुशीवर वळते की नाही, याची चर्चा दुपारच्या निवडण्या-टिपण्यात आपोआप होत असे. आज आपली कुटुंबे ठाणे, डोंबिवली, पुणे येथील सदनिकांतून राहतात. सून नोकरीस जाते आणि सासू कित्येकदा गावी असते. सन २०१७ मध्ये प्रसूतिरजेचा कायदा सुधारला आणि रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक नोकरवर्ग असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. गोष्ट उत्तमच झाली. परंतु २६ आठवडे म्हणजे सहा महिने. म्हणजे बाळ बसू लागते, सरकू लागते, चिमटीने चुरमुरा उचलू लागते, त्या नेमक्या दिवसांत त्याचा जागेपणीचा बहुतेक काळ आईसमोर न जाता पाळणाघरातील बाईसमोर जातो. आईला बाळ भेटते ते संध्याकाळी, दमलेले, पेंगुळलेले. तेव्हा पाहण्याचे जे काम पूर्वी घर करी, ते आता सांभाळणारीकडे आले आहे. तिला ते कोणी सांगितलेले नसते, आणि तिच्या पगारात तर ते मुळीच धरलेले नसते.

ही कल्पना नवी आहे असे कोणी समजू नये. मॉंटेसोरीबाई १९३९ साली भारतात आल्या, त्याच्या कितीतरी आधी, १९२६ साली, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला होता. शिकविण्यापूर्वी मुलाचे निरीक्षण करावे, हा त्या शिक्षणपद्धतीचा पाया होता. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ यांनी ते नेटाने पुढे नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली; ते नाव १९७५ पासून सरकारी योजनेतून देशभर पोहोचले. आपल्याकडील बालशिक्षणाला डोळसपणाची परंपरा आहे, एवढेच यावरून सुचवावयाचे आहे.

आता मुद्द्याकडे वळते. मूल केव्हा काय करते, याची प्रत्येक घराची एक दंतकथा असते. ‘आमचा बाळू नवव्या महिन्यात चालला’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस या सभेत नसेल. त्याच्या जोडीला दुसरे वाक्य असते, ‘याचे वडीलही उशिराच चालले होते.’ पहिल्याने उगीच धास्ती वाढते, दुसऱ्याने उगीच निर्धास्तपणा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत आपल्या दिल्लीचीही मुले होती. आधाराशिवाय बसणे सुमारे चौथ्या महिन्यापासून ते सव्वानऊ महिन्यांपर्यंत केव्हाही येते. आधाराशिवाय चालणे सव्वाआठ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. केवढी ही पैस आहे पाहा! आणि गंमत अशी की, त्या पाहणीतील शंभरांपैकी चार मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती तशीच पुढे गेली आणि चालू लागली.

माझ्याकडे एक मुलगा होता, तो कधी रांगला नाही. बसल्या जागी ढुंगणावर घसरत घसरत तो सगळी खोली पालथी घालीत असे. सतराव्या महिन्यात त्याने पाऊल टाकले, तोवर त्याच्या आजीने दोन नवस बोलून ठेवले होते. तो मुलगा आज गिर्यारोहण करतो. अशी मुले असतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात बाप किंवा मामाही तसाच घसरलेला असतो. म्हणून एकट्या उशिरावरून घाबरू नये. परंतु उशिराला एक कड असते. चार महिने उलटूनही मान डुगडुगते, नऊ महिने उलटले तरी बाळ आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिने पूर्ण झाले तरी स्वतःचे पाऊल नाही, असे असेल तर ‘वाट पाहू’ हा शब्द टाकून द्यावा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जावे. दिवस भरण्याच्या आधी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावयाचे असते, आणि तसे ते दोन वर्षांपर्यंत मोजतात. दोन महिने आधी आलेल्या बाळाची शेजारच्या बाळाशी तुलना करणे हा त्या बाळावरही अन्याय आणि त्याच्या आईवरही.

महिने मोजण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते मूल कसे हलते हे पाहणे. वर्षाच्या आतले मूल डावखुरे की उजवे हे ठरवीत नाही. ते दोन्ही हात वापरते. आठव्या-नवव्या महिन्यातच जर ते एकाच हाताने सारे घेऊ लागले, तर आपण कौतुकाने म्हणतो, ‘डावखुरा होणार हो!’ पण कौतुक करण्यापूर्वी दुसरा हात काय करतो ते पाहावे. येथे मला एका न्हाऊ घालणाऱ्या बाईची आठवण होते. तिला अक्षरओळख नव्हती. आमच्याच शेजारच्या इमारतीतील एका मुलीला ती तेल लावीत असे. एके दिवशी ती मला जिन्यात गाठून म्हणाली, ‘काकू, या पोरीची डावी मूठ तेल लावताना उघडतच नाही. उजवी कशी पानासारखी उलगडते. मी आईला सांगू का? रागावतील का?’ मी म्हटले, ‘तू सांग, मी बरोबर येते.’ आम्ही दोघी गेलो. मुलीची आई समजूतदार होती. निदान झाले ते मेंदूच्या एका बाजूस जन्माच्या सुमारास झालेल्या इजेचे. सहाव्या महिन्यापासूनच व्यायाम सुरू झाले. चांगल्या हातावर दिवसातून काही वेळ मोजा घालून आळशी हाताला कामाला लावावयाचे, असाही एक प्रकार त्यात होता. लहान वयात मेंदू अजून घडत असतो, म्हणून त्याला वळण लवकर लावता येते. डावा हात तिचा आजही थोडा मंद आहे. परंतु वेणी ती स्वतः घालते आणि सायकलवरून महाविद्यालयात जाते. निरक्षर बाईच्या तळहाताला जे कळले, ते तपासणीच्या पाच मिनिटांत कदाचित कळले नसते. तिने रोज अर्धा तास त्या बाळाला हाताळले होते.

याच्या उलट बाजूची हकीकत आता सांगते. ती सांगण्याचे मी फार वर्षे टाळले.

१९९० नंतरच्या वर्षांतील गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबाचा मुलगा माझ्याकडे येत असे. गोरागोमटा, हसरा आणि बोलण्यात चतुर. चालू लागला तो जरा उशिरा, पण मर्यादेत. तो साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा मला एक गोष्ट दिसू लागली. जेवणे आटोपल्यावर मी ‘चला, हात धुवा’ म्हणे, तेव्हा इतर मुले टुणकन उठत. हा मुलगा आधी पालथा होई, दोन्ही हात जमिनीवर टेकून कमर वर उचली, मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राही. जिना चढताना तो एका पायरीवर दोन्ही पाय घेई. धावण्याच्या खेळात नेहमी शेवटचा. त्याच्या पिंढऱ्या मात्र अशा भरदार की आजी अभिमानाने सर्वांस दाखवी, ‘पाहा, पैलवानाच्या पिंढऱ्या आहेत!’

मला ते उठणे चमत्कारिक वाटले. एकदा नव्हे, रोज वाटले. पण मी स्वतःची समजूत घातली, लाडावलेला आहे, अंगाने जड आहे. एकदा आजींपाशी विषय काढला, तर त्या म्हणाल्या, ‘अहो बाई, मोठ्या नातीचे नाव वधू-वर सूचक मंडळात घातले आहे. घरात काही आहे असे लोकांच्या कानी जायला नको.’ मी गप्प बसले. मुलाच्या आईशी बोलावयास हवे होते, बोलले नाही. पुढे त्यांनी एका डॉक्टरांना सहज दाखविले, त्यांनीही ‘मोठा होईल तसा सुधारेल’ म्हणून बोळवण केली, त्याने माझ्या मौनाला आधारच मिळाला. मुलगा सहा वर्षांचा होत आला आणि वरचेवर पडू लागला, तेव्हा मुंबईतील तज्ज्ञांनी रक्तातील एक घटक तपासला. तो प्रमाणाबाहेर वाढलेला निघाला. स्नायू हळूहळू क्षीण करणारा, ड्युशेन नावाने ओळखला जाणारा विकार होता. मुलगे या विकाराचे बळी होतात. दोष बहुधा आईकडून येतो, काही वेळा नव्यानेही उद्भवतो. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो.

आणि तोपर्यंत त्या घरात दुसरा मुलगा जन्माला आलेला होता. त्याचेही रक्त तसेच निघाले.

मी वेळेवर बोलले असते तर पहिल्या मुलाचा विकार टळला नसता, हे मला ठाऊक आहे. पण साडेतीन वर्षांच्या वयात तो कळला असता, तर दुसऱ्या बाळंतपणाच्या आधी त्या आईबापांच्या हाती माहिती पडली असती. त्यांनी काय ठरविले असते हे त्यांचे त्यांना. ठरविण्याची संधीच गेली, आणि त्यात माझ्या संकोचाचा वाटा आहे. ती आई मला कधीही एका शब्दाने बोलली नाही. एकदाच तिने विचारले, ‘काकू, तुम्हांला तेव्हा काही दिसले होते का?’ मी हो म्हणाले. ती म्हणाली, ‘मग सांगायचे होते हो.’

असो. त्या दिवसापासून मी एक वही घातली. प्रत्येक मुलामागे दोन पाने. तारीख, आणि जे डोळ्यांनी दिसले तेवढेच. मत नाही, रोगाचे नाव तर नाहीच. ‘आज धरून उभा राहिला.’ ‘टाचा टेकत नाही, चवड्यांवरच चालतो, आठवडाभर पाहिले.’ ‘मणी दोऱ्यात ओवताना उजव्या हातास कंप.’ ‘पूर्वी दोन पायांवर उडी मारीत असे, आता मारीत नाही.’ या शेवटच्या प्रकारची नोंद कोणत्याही वयात झाली तर एक दिवसही थांबू नये. उशिरा येणे निराळे, आणि आलेले जाणे निराळे.

आईला सांगावे कसे, हा प्रश्न पाळणाघर चालविणाऱ्या भगिनी मला नेहमी विचारतात. दारात, इतर आयांच्या देखत, मूल घरी नेण्याच्या घाईत सांगू नये. बसवून घ्यावे, पाणी द्यावे, आणि प्रथम मुलाचे जे चांगले चालले आहे ते मनापासून सांगावे. मग वही उघडावी आणि विचारावे, ‘काय गं, घरी जिना कसा चढतो? जमिनीवरून उठताना हात टेकतो का? दोन दिवस पाहशील?’ आईने स्वतः पाहिले म्हणजे आपल्याला पटवावे लागत नाही. ‘याला अमुक झाले असेल’ असे चुकूनही म्हणू नये. तो आपला अधिकार नव्हे, आणि आपण दहांतून कितीतरी वेळा चुकतोही. ती रागावली तर रागावू द्यावी. माझ्याकडून दोन मुले याच कारणाने काढून नेली गेली, आणि त्यांतील एका मुलाची आई चार महिन्यांनी परत येऊन माझ्यापाशी रडली. वडिलांनाही बोलवावे. आपल्याकडे मुलाच्या अंगात काही उणे निघाले की बोट सुनेकडे जाते, आणि मग ती एकटीच ते ओझे वाहते.

येथे ज्ञातिसंस्था म्हणून आपल्याशी थोडे स्पष्ट बोलावयास हवे, आणि अध्यक्षीणबाई मला क्षमा करतील. आपल्या काही घराण्यांतून मामाची मुलगी करण्याची चाल होती, क्वचित अजूनही आहे. आप्तसंबंधांत विवाह झाल्यास दोन्हींकडून येणारे काही दुर्मिळ आनुवंशिक विकार संततीत उतरण्याचा संभव वाढतो. याचा अर्थ अशा प्रत्येक जोडप्याची मुले आजारी निपजतात असा नव्हे, बहुतेक निरोगीच असतात. परंतु ज्या घरात एक मूल लुळे होऊन गेले, त्या घराने ती गोष्ट पोटात ठेवून पुढचे लग्न जमविणे हे वधूवरांची फसवणूक करणे आहे. आपले सूचक मंडळ पत्रिका मागते, गोत्र विचारते. लग्नाआधी वैद्यकीय सल्ला घ्या, एवढी एक ओळ त्या अर्जावर छापावयास काय हरकत आहे?

दोन गोष्टी जाता जाता. पूर्वीचा लाकडी पांगुळगाडा उभ्या मुलाने ढकलावयाचा असे. त्याला स्वतःचा तोल सांभाळावा लागे. हल्ली ज्यात मूल बसवून सोडतात त्या चाकांच्या खुर्च्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडण्याचे अपघात होतात. कॅनडात तर २००४ पासून त्यांच्या विक्रीस बंदी आहे. दुसरे, ‘किती गुणी बाळ, रडत नाही की हलत नाही’ असे ज्याचे वर्णन होते, त्या बाळाकडे दोनदा पाहावे. कंठातील ग्रंथीचा स्राव जन्मतः कमी असला तर बाळ असेच सुस्त राहते. जन्मानंतर टाचेच्या रक्ताच्या तपासणीत ते कळते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच रोजची साधी गोळी सुरू झाली तर बाळाची वाढ नीट होऊ शकते. ही तपासणी झाली आहे का, असे प्रत्येक बाळंतिणीच्या घरच्यांनी इस्पितळात विचारावे.

सरकारी सोयी आपल्या मध्यमवर्गीय घरांना माहीत नसतात, किंवा माहीत असून तेथे जाण्याचा कमीपणा वाटतो. सन २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि वाढीत मागे पडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली गेली. गरोदरपणी जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यात मुलाने कोणत्या महिन्यात काय करावे याची चित्रे आहेत. लस टोचून झाली की ते कार्ड आपण कपाटात टाकतो. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीचे जे मापन सिद्ध केले, त्यात केवळ हालचालींच्याच ६७ कसोट्या आहेत. एवढी तपासणी तज्ज्ञांनी करावयाची. आपण सांभाळणाऱ्यांनी त्या दारापर्यंत मुलाला वेळेवर पोहोचवावयाचे.

संस्थेकडे माझे मागणे लहान आहे. आपला विद्यार्थी साहाय्यक निधी हुशार मुलांना दरवर्षी पुस्तके आणि पारितोषिके देतो. त्यातून एक भाग निराळा काढून, ज्या मुलांना आठवड्यातून दोन-तीनदा व्यायामोपचारासाठी जावे लागते त्यांच्या जाण्यायेण्याचा आणि उपचारांचा खर्च द्यावा. नावे जाहीर करू नयेत. उपचार अर्ध्यावर सोडण्याचे कारण बहुधा पैसा आणि आईची रजा हेच असते, हे मी पाहिले आहे.

त्या दोन भावांपैकी थोरला आता हयात नाही. धाकट्याला औषधे आणि व्यायाम लवकर सुरू झाल्यामुळे तो भावापेक्षा काही वर्षे अधिक चालला. पुढे चाकांच्या खुर्चीवरून त्याने पदवी घेतली. त्यांची आई आज या सभेत आली आहे. ही हकीकत सांगू का, असे मी तिला आधी विचारले होते. नाव न घेता अवश्य सांगा, असे ती म्हणाली.

चहापानानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. माझी जुनी वही आणि त्या कार्डाच्या काही प्रती बरोबर आणल्या आहेत. ज्यांना आपल्या नातवंडाविषयी काही विचारावयाचे असेल, त्यांनी संकोच न करता यावे. दार लावून घेण्याची सोय आहे.